जोडेघाट ते इंद्रवेल्ली : गोळी आधी, चौकशी मागून



कोजागरीच्या रात्री आपल्या अंगणात दूध आटत असते, त्याच आश्विन पौर्णिमेला जोडेघाटच्या डोंगरात गोंड आणि कोलाम कुमराम भीमची पुण्यतिथी पाळतात. एकाच जिल्ह्यातल्या या दोन पौर्णिमा. त्यांच्यामधले अंतर हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

सशस्त्र बंडांचा इतिहास सांगताना आपण बंदुका मोजतो. ब्रह्मदेशातील करेन 1949 पासून लढत आले. तिथेही किती सैन्य, किती चौक्या, असाच हिशेब मांडला जातो. आदिलाबादचा इतिहास मात्र सांगतो की बंदुकीच्या आधी कागद येतो. जमिनीचा कागद कोणाच्या नावावर, जंगलाची हद्द कोणी आखली, हे पाहिल्याशिवाय बंडाचे मूळ सापडत नाही.

चांद्याचे गोंड राज्य 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. पुढे 1858 मध्ये चांद्याच्या तुरुंगात बाबूराव शेडमाके फासावर गेले. 1860 च्या सुमारास निर्मल भागात रामजी गोंडाने रोहिल्यांच्या साथीने बंड केले; त्याच्या साथीदारांना ज्या वडावर फाशी दिल्याचे लोक सांगतात, तो ‘हजार फासांचा वड’ म्हणून स्मरणात आहे. इथपर्यंतचा झगडा सत्तेशी होता. विसाव्या शतकात तो वहितीच्या जमिनीशी येऊन भिडला.

निजाम सरकारने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते एका रेषेने ‘अतिक्रमण’ ठरली. गोंडांची शेती फिरती. जमीन काही वर्षे पडीक ठेवायची, मग पुन्हा कसायची. पडीक म्हणजे बेवारस, असा अर्थ कागदाने लावला. त्याच सुमारास बाहेरून शेतकरी, व्यापारी, सावकार आले आणि पट्टे त्यांच्या नावावर चढले. त्यांत तेलुगू बोलणारे होते, उर्दू बोलणारे होते आणि मराठी बोलणारेही होते. हे शेवटचे वाक्य या सभागृहात स्वच्छ उच्चारले पाहिजे.

बाबेझरी-जोडेघाट परिसरात भीम आणि त्याच्या सोबत्यांनी जंगल तोडून वस्ती केली. जंगलखात्याने घरे जाळली. दाद मागूनही वस्ती मान्य झाली नाही. 1940 मध्ये पोलीस डोंगरावर चढले आणि भीम साथीदारांसह मारला गेला. सरकारच्या लेखी हे बंड होते. गोंडांच्या आठवणीत ते बारा गावांचे राज्य होते.

चौकशी त्यानंतर सुरू झाली. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकून पडले होते. ते मारलवाईत राहिले आणि गोंडांची कैफियत त्यांनी सरकारपुढे मांडली. 1943 मध्ये मारलवाईत गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले. एक लाख एकरांहून अधिक जमीन आदिवासींना पट्ट्याने मिळाली. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी तक्रारी ऐकण्याचा दरबार भरू लागला. तो आजही भरतो. हायमेंडॉर्फ पती-पत्नींच्या समाध्या मारलवाईतच आहेत.

या कामात आपल्या भाषेचाही वाटा आहे. गोंडीची पहिली क्रमिक पुस्तके देवनागरीत छापली गेली. सेतुमाधवराव पगडी, ज्यांना आपण शिवकालाचे अभ्यासक म्हणून ओळखतो, ते या जिल्ह्यात अधिकारी होते. त्यांनी गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. ज्या लिपीतून सावकाराचा रोखा लिहिला गेला, त्याच लिपीतून गोंड मुलाचे पहिले पुस्तक आले.

पण कायदा असणे वेगळे आणि जमीन हातात असणे वेगळे. आदिवासींची जमीन इतरांकडे जाऊ नये म्हणून 1959 चा नियम झाला, 1970 मध्ये तो कडक झाला, तरी जमीन सरकतच राहिली. 20 एप्रिल 1981, सोमवार, इंद्रवेल्लीचा बाजाराचा दिवस. गिरिजन रयतु कूली संघमची सभा ठरली होती. परवानगी नाकारली गेली. दूरच्या पाड्यांवरून निघालेल्या अनेकांना ते ठाऊकच नव्हते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा 13 मृतांचा. नागरी हक्क संघटनांनी सांगितलेला आकडा त्याहून कितीतरी मोठा. तिथे उभारलेला स्मृतिस्तंभ 1986 मध्ये उडवला गेला, पुढे पुन्हा बांधला गेला. त्या दशकात पीपल्स वॉरची दलमे या जंगलात वावरत होती. रात्री दलमला भाकर दिली की सकाळी पोलीस दारात, आणि पोलिसांशी बोलले की रात्री दलमचा जाब. कोणत्याही लांबलेल्या यादवीत अल्पसंख्याकांच्या वाट्याला हेच येते.

चाळीस वर्षांच्या अंतराने दोन गोळीबार झाले आणि दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता : ही जमीन कोणाची?

श्रोतेहो, या प्रश्नाच्या उत्तराचे तुकडे आपल्याच घरांत असतील. माळ्यावरच्या पेटीत आजोबांची खातेवही असेल, गहाणखत असेल, सारा भरल्याच्या पावत्या असतील. त्यांत एखादे मेसराम, एखादे आत्राम, एखादे कुमराम हे नाव आणि खाली अंगठा सापडेल. ते कागद वाळवीच्या हवाली करू नयेत. मंडळाने ते मिळवावेत, वाचावेत, आणि त्या अंगठ्यांच्या नातवंडांनाही वाचायला द्यावेत. त्या वाचनातून आपल्याला अडचणीचे काही निघाले, तरी ते आपल्याच इतिहासाचे पान आहे.