दिवाणखान्यातील घनदर्शक

आपले दोन डोळे परस्परांपासून सुमारे अडीच इंचांवर असतात. त्यामुळे एकच वस्तू प्रत्येकाला किंचित निराळी दिसते, आणि त्या दोन प्रतिमा मनात एकरूप झाल्या की आपल्याला खोली जाणवते. हे तत्त्व चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३८ साली आरशांच्या उपकरणाने सिद्ध केले. छायाचित्रणाची वार्ता जगाला कळली ती पुढील वर्षी. म्हणजे यंत्र आधी आले आणि त्याला साजेसे चित्र मागाहून! डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये आरशांच्या जागी भिंगे योजली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते व्हिक्टोरिया राणीच्या पसंतीस उतरले आणि घरोघरच्या दिवाणखान्यांत त्याचा शिरकाव झाला. पुढे बोस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हातात धरण्याजोगे स्वस्त स्टिरिओस्कोप बनविले आणि त्याचे पेटंट बुद्ध्याच घेतले नाही. ज्ञानाच्या प्रसाराला त्यांनी लावलेला हा मोठाच हातभार होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीने जेम्स रिकाल्टन यांनी टिपलेल्या हिंदुस्थानच्या शंभर चित्रांचा संच काढला. काशीचे घाट परदेशातील कुटुंबांना घरबसल्या हाताशी आल्यासारखे दिसू लागले. पण त्या घाटावरच्या माणसाला मात्र स्वतःविषयी काही सांगण्याची सोय नव्हती. चित्रे दोन होती, परंतु दोन्ही एकाच प्रवाशाने, एकाच जागी उभे राहून घेतलेली. तेवढ्याने वस्तूची खोली कळते; समाजाची खोली कळण्यास त्याचे स्वतःचे म्हणणेही ऐकावे लागते.