बिनतारी मोटारींच्या प्रतिकृती : अस्सल, नक्कल आणि इतिहास

खेळणे हे इतिहासाचे साधन होऊ शकते काय, असा प्रश्न विचारल्यास पुष्कळ अभ्यासक हसतील. शिलालेख, ताम्रपट आणि दफ्तरे यांच्या पंक्तीला बिनतारी लहरींवर चालणारी इवलीशी मोटार बसविणे त्यांना धाडसाचे वाटेल. तथापि साधन लहान असले म्हणून साधनचिकित्सेचे नियम बदलत नाहीत. उलट ते येथे अधिक स्पष्ट दिसतात.

दूरनियंत्रणाची कल्पना या खेळण्याहून बरीच जुनी आहे. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींनी चालणारी छोटी नौका लोकांना दाखविली आणि त्याच वर्षी तिचे पेटंट मिळविले. परंतु इटलीतील रेज्जो एमिलिया येथील ‘एल-जी’ या संस्थेची एक-बारांश प्रमाणाची फेरारी बाजारात येण्यास १९६६ साल उजाडावे लागले. या विलंबाचे एक मुख्य कारण उघड आहे. निर्वात नळ्यांची यंत्रणा व तिला लागणाऱ्या बॅटऱ्या मोटारीच्या एवढ्याशा देहात मावणे कठीण होते. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यावरच ही अडचण हळूहळू दूर झाली.

जपानमधील शिझुओका येथील तामिया या संस्थेचा आरंभ १९४६ साली लाकूड कापण्याच्या गिरणीने झाला. लाकडी प्रतिकृतींवरून ती प्लास्टिककडे वळली आणि १९७६ साली तिने ‘पोर्शे ९३४’ची बिनतारी प्रतिकृती विक्रीस आणली. गाडी सुट्या भागांत मिळे. ती ग्राहकाने स्वतः जोडावयाची असे. १९७९ पासून खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या गाड्याही तिने काढल्या.

त्या काळच्या अनेक गाड्या २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत. दोन गाड्यांची कंप्रता एकच असली, तर एकाच्या आज्ञेने दुसऱ्याची गाडी भलतीकडे जाई. म्हणून कंप्रता ओळखण्यासाठी एरियलला रंगीत फीत बांधीत. ती फीत म्हणजे गाडी एकट्याने नव्हे, चारचौघांत चालविली गेल्याची साक्ष होय. पुढे २.४ गिगाहर्ट्झची यंत्रणा आली आणि फितीची गरज संपली.

येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. संग्राहकांत सर्वांत अधिक मोल येते ते न उघडलेल्या पेटीला. परंतु अशी पेटी उत्पादनाविषयी व विक्रीविषयीच बोलते. वापराविषयी ती मूक असते. वापर सांगते ती झिजलेली, तडे गेलेली, पोराने आपल्या हाताने रंगविलेली गाडी. दुर्दैवाने नेमकी हीच गाडी ‘जीर्णोद्धारा’स बळी पडते. जुनी फीत फेकली जाते. वेग कमीजास्त करणारी रोधकाची जुनी पट्टी जाऊन तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसतो. मोडक्या भागांच्या जागी पुनरुत्पादित भाग येतात. १९८४ सालची ‘हॉर्नेट’ २००४ मध्ये आणि १९७९ सालची ‘सँड स्कॉर्चर’ २०१० मध्ये स्वतः उत्पादकानेच पुन्हा बाजारात आणली, त्यामुळे असे भाग सहज मिळतात. परिणामी अर्धी अस्सल व अर्धी नक्कल अशी वस्तू निर्माण होते आणि कोणता भाग कोणत्या काळाचा, हे काही वर्षांनी मालकासही सांगता येत नाही.

पुनरुत्पादनास दोष देण्याचे कारण नाही. गाडी धावावी ही इच्छा रास्तच आहे. दोष आहे तो नोंद न ठेवण्याचा. कोणता भाग केव्हा बदलला याची साधी टाचणवही मालकाने ठेवली आणि काढलेले भाग जपले, तर गाडी धावेल आणि तिचा इतिहासही टिकेल. जुन्या पोथीत नंतर घुसलेला मजकूर वेगळा काढण्यात आपण आयुष्ये घालवितो. जी वस्तू आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहे, तिच्या बाबतीत तीच अडचण पुढील अभ्यासकांसाठी निर्माण करणे योग्य नव्हे.