नाक्यावरची पावती

सराफाच्या दारावर ‘सोनेतारण’ लिहिलेले असते आणि चर्चमध्येही ‘तारण’च असते. एकीकडे गहाण टाकलेल्या पाटल्या, दुसरीकडे जिवाची सुटका. (माझा अंदाज: गहाणावर सावकार तरतो, म्हणून तेही तारणच.) हे डोक्यात घोळत असतानाच कानावर आले की, येशूचा क्रुसावरचा ‘तेतेलेस्ताइ’ (‘पूर्ण झाले आहे’) हा उद्गार म्हणजे ग्रीक पावत्यांवरचा शेरा, आपल्या ‘भरून पावलो’सारखा! देणे फिटले, पावती मिळाली, आता तारणाची वेगळी खात्री कशाला? धर्मसुधारक ल्यूथर काय, १७३८ साली लंडनच्या सभेत हृदयाला ऊब जाणवलेला धर्मोपदेशक वेस्ली काय, सगळे याच खात्रीच्या शोधात होते. मी खूश.

मग पावत्या शोधल्या. ग्रेनफेल आणि हंट यांनी १८९७ साली छापलेल्या इजिप्तच्या पपायरसांत त्या सापडतात. उंट-गाढवांवरून जाणाऱ्या मालाच्या जकातीच्या या चिठ्ठ्या. सुरुवातीला नुसते ‘तेतेल’. पुढची अक्षरे कारकुनाने गाळलेली. मोल्टन आणि मिलिगन यांच्या ग्रीक कोशात तिथे ‘तेतेलेस्ताइ’ आले आणि शब्द व्यासपीठावर चढला. आजचे पपायरसतज्ज्ञ मात्र तिथे ‘तेतेलोनेताइ’ वाचतात: जकात भरली. क्रियापदच वेगळे. शिवाय योहानाने आपल्या शुभवर्तमानात या उद्गाराच्या दोनच वचने आधी (१९:२८) तोच शब्द वापरला आहे, आणि तिथे सर्व काही पुरे झाल्याचे येशूला कळले, एवढाच अर्थ लागतो. पैशाचा मागमूस नाही.

पावती गेली, पण खात्री पावतीवर टेकलेली नव्हतीच, असे आता वाटते. ती उद्गारातल्या क्रियापदाच्या रूपात आहे. ग्रीकमधला त्याचा काळ आपल्या ‘झाले’चा नव्हे, ‘झाले आहे’चा: काम संपले आणि संपलेलेच उभे आहे. त्यात पुन्हा भर घालायला जागा नाही.

तरी जकातनाका मी सोडत नाही. दोन्ही क्रियापदे ‘तेलोस’मधून निघालेली, तेलोस म्हणजे शेवट, आणि करसुद्धा. मत्तयाच्या शुभवर्तमानात (१७:२४) मंदिराची पट्टी भरायला उद्गारातलेच क्रियापद येते. म्हणजे ‘पुरे करणे’ आणि ‘भरणे’ एकाच क्रियापदात नांदत होते. योहानाचे ग्रीक ऐकणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याला त्या उद्गाराने नाका आठवलाच नसेल, हे मला पटत नाही. आणि परंपरेने ते मंदिरपट्टीचे शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे तो मत्तय, नाक्यावरून उठून आलेला जकातदार!