परसांतील देशी आणि परके

भंडारा जिल्ह्यांतील आंधळगाव कोशाच्या वस्त्रांसाठीं ओळखलें जातें; आम्ही येथें विचार करणार आहों तो मात्र तेथल्या परसाचा. चैत्र लागला कीं गवारीचें बीं टोबावें, मिरचीच्या रोपांस न्हाणीचें पाणी वळवावें आणि सावलीच्या वाफ्यांत धने रगडून पेरावे. कारण उन्हांत कोथिंबीर लवकर फुलावर येते.

विदर्भांत जिला सांबार म्हणतात, त्या या कोथिंबिरीची आपली ओळख फार जुनी. तिचें 'कुस्तुम्बुरु' हें नांव पाणिनीच्या अष्टाध्यायींत आढळतें. मिरचीचें तसें नाहीं. तिची जन्मभूमि अमेरिका. १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतास पोहोंचला; त्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती इकडे आली. नांवही तिला मिऱ्यांवरून मिळालें.

मग तिला परकी म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या गृहिणींनीं उत्तम फळ वेलीवर वा झाडावर पिकूं दिलें, वाळविलें, राखेंत बीं जपलें; त्यांतच मिरची आपली झाली. उलट, ज्या घरीं बीं राखणें थांबलें, तेथें पाणिनीला ठाऊक असलेली कोथिंबीरही बाजारची पाहुणी ठरते. भाजीचें देशीपण पुढल्या चैत्रासाठीं मूठभर बीं बाजूस ठेवणाऱ्या हातावर अवलंबून असतें.