रॅस मासे (कतारमधील प्रवाळटाकीत)

लॅब्रिडी कुलातील समुद्री मासे. त्यांच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी लहान आणि भडक रंगांच्या जाती घरातल्या प्रवाळटाकीत पाळतात.

कतारमध्ये समुद्र दाराशी असला तरी त्याचे पाणी या टाकीच्या कामाचे नाही. आखाताची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर, त्यात नद्यांचे पाणी थोडे आणि बाष्पीभवन प्रचंड. त्यामुळे कतारच्या किनाऱ्यावरील पाण्यात दर किलोमागे ४० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त क्षार असतात. उन्हाळ्यात ते पाणी ३४ अंश सेल्सिअसपर्यंत तापते, हिवाळ्यात २० अंशांखाली उतरते. दुकानात मिळणारे बहुतेक रॅस इंडोनेशिया, फिलिपीन्स, मालदीव अशा भागांतले. त्यांना सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि २५-२६ अंशांचे स्थिर पाणी मानवते. दोह्यातल्या टाकीत म्हणजे बाहेरच्यापेक्षा उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार आणि नेहमीच कमी खारा असा परका समुद्र सांभाळायचा असतो. नळाचे पाणीही मुळात समुद्राचेच, क्षार काढून आणि जंतुनाशक घालून आलेले. ते घरच्या आरओ यंत्रातून पुन्हा गाळून त्यात कृत्रिम समुद्रमीठ मिसळतात. एसीच्या कोरड्या हवेत टाकीतले पाणी भराभर उडते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालावी लागते.

या टाकीचा कसोटीचा काळ जुलै-ऑगस्ट. शाळांना सुटी लागली की मराठी कुटुंबे गावी निघतात आणि घरातला एसी बंद होतो. टाकीचे पाणी थंड ठेवणारा स्वतंत्र चिलर आणि किल्ली सांभाळणारा शेजारी या दोन्ही गोष्टी नसतील तर रॅस न पाळलेलेच बरे.

निवड करताना मासा झोपतो कसा, हे आधी पाहावे. हॅलिकोइरीस प्रजातीतले मासे, उदाहरणार्थ पिवळाधमक हॅलिकोइरीस क्रायसस, रात्री स्वतःला वाळूत पुरून घेतात. त्यांना पाच-सात सेंटिमीटर बारीक वाळू हवी. सिर्हिलॅब्रस (परी-रॅस) आणि पॅराकायलिनस या प्रजाती खडकांच्या फटीत झोपतात. त्यांतले कित्येक अंगाभोवती श्लेष्म्याचा कोष विणतात. नव्याने आणलेला हॅलिकोइरीस भरदुपारी वाळूत गडप झाला म्हणून घाबरून वाळू उकरू नये. मासा इंडोनेशियातील बालीहून आलेला असेल, तर बाली आणि दोहा यांच्या घड्याळांत पाच तासांचा फरक आहे. दोह्यात दुपारचा एक वाजतो तेव्हा त्या माशाच्या हिशेबाने संध्याकाळचे सहा झालेले असतात. काही दिवसांत तो नव्या वेळेला रुळतो.

रॅस दचकले की उसळी मारून बाहेर पडतात, म्हणून टाकीवर बारीक जाळी अत्यावश्यक. यांचा जन्म बहुधा मादी म्हणून होतो. कळपातला नर नाहीसा झाला की सर्वांत दांडगी मादी नर बनते आणि तिचे रंगही पालटतात. म्हणून परी-रॅसचा एक नर आणि दोन-तीन माद्या एकत्र ठेवतात. सहापट्टी रॅस (स्युडोकायलिनस हेक्साटीनिया) उपद्रवी चपटकृमी वेचून खातो, पण जागा आपली मानून बसला की नवख्यांना जगू देत नाही; तो सगळ्यांत शेवटी सोडावा. प्रवाळांना बहुतेक रॅस तोंड लावत नाहीत. नळीसारख्या ओठांच्या काही जाती प्रवाळच खातात, त्या टाळाव्यात.

आखाताचा रहिवासी असलेला चंद्र-रॅस (थॅलासोमा ल्युनारे) निळ्या-हिरव्या रंगाने भुरळ घालतो. तो वीस सेंटिमीटरपेक्षा मोठा होतो आणि कोळंबी-खेकडे फस्त करतो, त्यामुळे लहान टाकीत निरुपयोगी.

मालदीवमधील सिर्हिलॅब्रस फिनिफेन्मा या गुलाबी परी-रॅसचे वर्णन २०२२ मध्ये झाले. त्याचे नाव त्या देशाच्या राष्ट्रीय फुलावरून ठेवले आहे. या कुलातील राक्षस, दोन मीटरपर्यंत वाढणारा कुबड्या रॅस (कायलिनस अंड्युलेटस), २००४ मध्ये संकटग्रस्त वन्यजीवांच्या व्यापारावरील सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आला. त्याच परिशिष्टात कठीण प्रवाळही असल्याने टाकीसाठी ते परदेशातून आणताना परवाना लागतो. लहान रॅसना या कराराखाली तशी अट नाही.