अण्णासाहेब कर्वे यांचे निधिसंकलन : वर्गणीदार आणि देणगीदार

महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांचा इतिहास बहुधा त्यांच्या संस्थापकांच्या ध्येयवादाच्या अंगाने लिहिला जातो. त्या ध्येयवादास द्रव्यबळ कोठून मिळाले, आणि ते देणाऱ्यांचा संस्थेवर कोणता हक्क निर्माण झाला, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षितच राहिला आहे. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचे कार्य या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. गणिताचे अध्यापन हा त्यांचा व्यवसाय असला, तरी त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग निधी जमविण्यात खर्च झाला.

या कामाचा पहिला धडा त्यांनी 'मुरूड फंडा'त गिरविला. पोटापाण्यासाठी परगावी गेलेल्या मुरूडकरांनी आपल्या प्राप्तीचा काही अंश गावाच्या हितासाठी द्यावा, अशी ही योजना होती. दूर गेलेल्या माणसाचे मूळ स्थानाशी असलेले ममत्व नियमित वर्गणीत उतरवावयाचे, हे तिचे तत्त्व. माजी विद्यार्थ्यांच्या संघटनाही याच तत्त्वावर उभ्या असतात. १८९६ साली अनाथ बालिकाश्रमासाठी कार्यारंभ करताना कर्व्यांनी प्रथम स्वतःच्या शिलकीतील एक हजार रुपये दिले. दुसऱ्यापुढे हात पसरण्यापूर्वी स्वतःचा हात मोकळा करावयाचा, हा क्रम त्यांनी पुढेही सोडला नाही.

१९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा सरकारी मान्यता नव्हती व मोठा निधीही नव्हता. कर्व्यांनी वार्षिक वर्गणी देणाऱ्या पदवीधरांचे मतदारसंघ बनविले आणि त्यांच्याकडे विद्यापीठाच्या नियामक सभेवर प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार सोपविला. त्यामुळे वर्गणीदार हा केवळ दाता न राहता संस्थेचा घटक झाला. मात्र अशा वर्गण्यांवर संस्था जगू शकली, तरी तिचा विस्तार होणे कठीण होते.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. या देणगीने स्थैर्य आले, तसे परावलंबनही आले. १९२२ मध्ये सर विठ्ठलदास निवर्तले. पुढे त्यांचे विश्वस्त व विद्यापीठ यांच्यात मतभेद होऊन देणगीचे उत्पन्न काही काळ थांबले. अखेर तडजोड झाली आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले.

दरम्यान, सत्तरी गाठलेले कर्वे १९२९ च्या मार्चमध्ये परदेशी निघाले. युरोप, अमेरिका व जपान येथे त्यांनी विद्यापीठाची माहिती दिली आणि साहाय्य मागितले. १९३० च्या अखेरीस ते आफ्रिकेस गेले व तेथील हिंदी रहिवाशांकडून निधी गोळा केला. एवढी मोठी देणगी पदरी असताना या वयात ही वणवण कशासाठी, असा प्रश्न सहज पडतो. त्याचे एक कारण आर्थिक गरज हे होतेच. परंतु अनेकांच्या अल्प साहाय्यावर उभी असलेली संस्था कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही, हा मुरूड फंडापासूनचा अनुभवही त्यामागे असावा, असे मानण्यास जागा आहे.

वर्गणीदार मत देतो, तर मोठा देणगीदार अट घालतो. या दोहोंचा तोल राखणे हेच शिक्षणसंस्थेच्या निधिसंकलकाचे खरे कौशल्य होय. कर्व्यांनाही तो तोल सदैव साधला असे म्हणता येत नाही. तथापि, तो साधण्याचा प्रयत्न त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. महाराष्ट्रातील संस्थांच्या वार्षिक अहवालांतील वर्गणीदारांच्या याद्या या दृष्टीने वाचल्यास त्या संस्थांच्या घटनात्मक इतिहासावर नवा प्रकाश पडेल.