सोर्स कोड हाती, तरी विश्वास उसना
१९७० च्या दशकात बेल लॅब्जमधून विद्यापीठांकडे जाणाऱ्या युनिक्सच्या टेपमध्ये सोर्स कोडही असे. प्रणाली अद्ययावत करायची, तर तो कोड सुधारून जुन्या प्रणालीवरील कंपायलरकडूनच नवी घडवून घ्यावी लागे. प्रत्येक ओळ वाचता येत असल्याने ही रीत निर्धोक भासे. युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्पसन यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानाने या समजुतीला तडा दिला. कंपायलरमध्ये एकदा दडवलेला चोरदरवाजा, सोर्स कोडमधून पुसल्यावरही, त्याच कंपायलरने घडवलेल्या पुढील प्रत्येक कंपायलरमध्ये उतरू शकतो, हे त्यांनी दाखवले. इतिहासाच्या अभ्यासकास हे अपरिचित नाही. बखरीची नक्कल वाचताना मजकुराइतकाच ती उतरवणारा लेखनिकही पारखावा लागतो.